ब्राच ते बागलाण : एका हरवलेल्या काकाच्या शोधात

या प्रवासाचं मूळ माझ्या नको तिथे नाक खुपसण्याच्या सवयीत आहे, हे आधीच कबूल करते. मागच्या वर्षी आम्ही नवरा-बायको क्रोएशियाला जाऊन आलो. त्यातल्या फेरीबोटीच्या गोंधळावर मागच्या लेखात तुम्ही सगळ्यांनी मनसोक्त हसून घेतलं आहे, त्यामुळे तो विषय बंद. तिथल्या ब्राच नावाच्या बेटावर आम्ही इव्हाना नावाच्या बाईंच्या घरी उतरलो होतो. साठीच्या, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, बोलायला माझ्याइतक्याच उत्साही. वडील आंते नव्वदी ओलांडलेले, दिवसभर खिडकीशी बसून समुद्र बघणारे.

एका सकाळी इव्हाना कॉफी करत होती आणि मी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचे फोटो बघत होते. एका जुन्या, पिवळट फोटोत दगडी गोल खोपीसमोर एक मिशीवाला माणूस उभा होता. मागे डोंगर. डोंगरावर दोन सुळके, अंगठे वर केल्यासारखे. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि सुधीररावांना हाक मारली.

"अहो, हे काय आहे सांगा बरं."

आमच्या सुधीररावांनी कप हातात घेऊनच पाहिलं. "मांगी-तुंगी. यात काय सांगायचं?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मांगी-तुंगी हे आमच्या नाशिक जिल्ह्यात, सटाणा तालुक्यात, ताहाराबादजवळचे दोन सुळके. जैनांचं मोठं तीर्थ. सुधीररावांचं आजोळ त्याच बाजूला, बागलाणात. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज सकाळी दात घासताना त्यांना हेच दिसायचं. हे इव्हानाला सांगितलं तशी तिची कॉफी उतू गेली, शेगडी भिजली आणि आमचं त्या दिवशीचं समुद्रस्नान रद्द झालं.

मग तिने सगळं सांगितलं. शंभरएक वर्षांपूर्वी तिच्या बेटावरच्या द्राक्षवेलींना मुळं खाणारी कीड लागली. वेली गेल्या, त्यांच्यामागून माणसंही गेली. तिच्या पणजीचे चार मुलगे. थोरला चिलीच्या वाळवंटात खाणीवर गेला, दुसरा न्यूझीलंडला झाडांचा डिंक खणायला, तिसरा यूरे. तो गवंडी होता. सुएझच्या बाजूला बंदराचं दगडी काम करायला म्हणून गेला आणि तिथून कुणाबरोबर तरी 'इंडिया'ला पोचला. धाकटा घरी राहिला, तो इव्हानाचा आजोबा. चिली आणि न्यूझीलंडची पत्रं यायची, पुढे त्यांच्या मरणाच्या बातम्याही आल्या. यूरेकडून एका खलाशाच्या हाती हा एक फोटो आला, बस्स. इव्हाना निवृत्त झाल्यावर चिलीला जाऊन आली, न्यूझीलंडला जाऊन आली, दोन्हीकडे थडग्यांवर फुलं वाहून चुलतभावंडांबरोबर जेवून आली. तिसऱ्याचा शोध कुठून सुरू करायचा तेच कळत नव्हतं.

तेवढ्यात खिडकीशी बसलेले आंते काहीतरी बोलले. इव्हानाने ओट्याखालचा ड्रॉवर उघडून दाखवला. आत मेणबत्त्या. न पेटवलेल्या, पिवळ्या पडलेल्या, पुष्कळ.

त्यांच्याकडे नोव्हेंबरात पितरांचा दिवस असतो. सगळं गाव स्मशानात जाऊन मेणबत्त्या लावतं. आंत्यांची आजी, लुत्से तिचं नाव, तीन मेणबत्त्या घेऊन जायची. चिलीच्या मुलाची लावायची, न्यूझीलंडच्या मुलाची लावायची आणि तिसरी हातात धरून उभी राहायची. यूरे गेला असं कुणी कळवलं नव्हतं, मग जिवंत मुलाच्या नावाने मेणबत्ती लावायची कशी? ती तशीच घरी परत आणायची. आंते तिचं बोट धरून जायचे. ती गेल्यावर घरच्यांनी तीच रीत चालू ठेवली, तीन न्यायच्या, दोन लावायच्या, एक परत.

"बाबांना त्याची इस्टेट नको, काही नको," इव्हाना म्हणाली. "त्यांना एवढंच कळायला हवंय की तो एकटा होता का शेवटी."

आता सांगा, यावर 'बरं, बघू' म्हणून कोण निघून येईल? मी तिथल्या तिथे तिला नाशिकचं आमंत्रण देऊन टाकलं. सुधीररावांनी नेहमीप्रमाणे मान हलवली.

फेब्रुवारीत इव्हाना आली. या भागात यायचं तर हाच काळ धरा. सकाळी गारवा, दुपारी सोसेल इतकं ऊन, द्राक्षं तयार आणि कांद्याची शेतं हिरवीगार. मार्चनंतर याल तर ऊन काय असतं ते कळेल आणि मला दोष द्याल.

पहिला दिवस नाशकातच गेला. माझं गणित सरळ होतं: माणूस गोरा, ख्रिस्ती, म्हणजे पुरला असणार ख्रिस्ती दफनभूमीत. शरणपूर रोडच्या बाजूची जुनी दफनभूमी आम्ही ओळीओळीने पाहिली. इव्हाना प्रत्येक दगडावरची अक्षरं बोटाने पुसून वाचत होती. इंग्रज निघाले, आमची मराठी ख्रिस्ती मंडळी निघाली, यूरे नव्हता. संध्याकाळी तिला मिसळ खायला नेलं. तिने तर्री आधी चमच्याने चाखली, मग पाव बुडवला, मग पाण्याचा ग्लास रिकामा केला. "हे रोज खाता?" तिने विचारलं. "रोज नाही," सुधीरराव म्हणाले, "रविवारी दोनदा."

दुसऱ्या दिवशी आमच्या गाडीने निघालो. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे द्राक्षबागा लागल्या तशी तिने गाडी थांबवायला लावली. एका बागेत काढणी चालू होती. क्रेट भरणाऱ्या बायकांनी आम्हाला आत बोलावलं, घड हातात ठेवले. इव्हाना मांडवाखाली उभी राहून वर बघत राहिली. त्यांच्याकडे वेल गुडघ्याएवढी, दगडांतून उगवलेली. इथे डोक्यावर मांडव. तिने एका खोडाला हात लावून बुंध्याजवळची माती उकरली आणि मुळं बघितली.

"काय बघत्यात या बाई?" बागेच्या मालकीणबाईंनी मला विचारलं.

मी सांगितलं, यांच्या घरातली माणसं वेल मेल्यामुळे जगभर पांगली.

"असं व्हतंय," त्या म्हणाल्या. "आमचं बी एक साल गारपिटीनं समदं गेलं तवा दीर सुरतेला गेला. तो काय आता परत येत नाय." आणि आणखी दोन घड पिशवीत टाकले. पैसे घेतले नाहीत.

चांदवडचा घाट ओलांडून मालेगावला पोचलो. महामार्ग उत्तम आहे, टोलसाठी फास्टॅगमध्ये पैसे ठेवा, एवढंच. मालेगावात कॅम्पाच्या भागात इंग्रजांच्या पलटणीची जुनी थडगी आहेत असं ऐकलं होतं. तिथे झाडोरा इतका वाढला होता की सुधीररावांच्या सदऱ्याला कुसळं लागून तो नवीन नक्षीचा दिसू लागला. इथेही यूरे नव्हता. बाहेर येऊन चहा घेतला. गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट इतका की चहावाल्या चाचांशी ओरडूनच बोलावं लागत होतं.

"मेमसाब कौन से मुल्क की हैं?"

"क्रोएशिया," मी ओरडले.

"अरे, वो फुटबॉल वाले? लाल-सफेद चौकडे की बनियान?" चाचा खूश. मग का आलात ते विचारलं, मी ओरडूनच सांगितलं. "सौ साल बाद कोई ढूँढने आया," ते म्हणाले, "नसीबवाला आदमी था."

इव्हानाला मी अर्थ सांगितला. तिने चाचांना हात जोडले, आपल्यासारखे. कुणी शिकवलं नव्हतं.

मुक्काम सटाण्यात. मालेगावहून तासाभराची वाट आहे. लॉज साधे पण स्वच्छ, हजार-बाराशेत चांगली खोली मिळते. गरम पाणी सकाळी लवकर मागून घ्या. रात्री शेवभाजी आणि बाजरीची भाकरी. इकडची शेवभाजी नाकातून पाणी काढते, तेव्हा पाहुण्यांना आधी सांगून ठेवा. मी विसरले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताहाराबाद. सटाण्याहून निघालं की काही वेळाने ते दोन सुळके समोर उभे राहतात. इव्हानाने खिडकीची काच खाली केली. फोटो तिच्या मांडीवर होता. ती एकदा फोटोकडे बघत होती, एकदा डोंगराकडे. त्या क्षणी मला खात्रीच वाटली की आता काम झालंच.

कसलं होतंय. दुपारपर्यंत आम्ही गावोगाव 'गोरा साहेब' शोधत हिंडलो. मी फोनवर फोटोतला चेहरा मोठा करून ठेवला होता, म्हणजे नीट दिसावा. पाराशी बसलेल्या म्हाताऱ्यांना दाखवायचा आणि विचारायचं, "बाबा, हे गोरे साहेब इकडे राहायचे. काही ऐकलंय?" लोक आपुलकीने बघायचे. कुणी जुना डाकबंगला दाखवायला घेऊन गेलं. कुणी सांगितलं साहेब म्हणजे कलेक्टर, तो सटाण्यात विचारा. एकाने तर शिकारीला आलेल्या साहेबाची, वाघाची आणि घाबरलेल्या मामलेदाराची अशी रंगवून गोष्ट सांगितली की सुधीरराव शेवटपर्यंत ऐकत बसले. यूरेचं नाव कुठेच नाही. इव्हाना हसत होती, पण प्रत्येक गावातून निघताना तिचं हसू जरा कमी होत होतं.

जेवायला ताहाराबादेत रस्त्याकडेच्या एका छोट्या हॉटेलात थांबलो. एक वहिनी स्वतः भाकरी थापत होत्या. फोनची बॅटरी माझ्यासारखीच दमलेली, म्हणून इव्हानाने छापील फोटो टेबलावर ठेवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर पाण्याचा ग्लास. वहिनी भाकरी वाढायला आल्या. ग्लास बाजूला सरकवला आणि थांबल्या.

"ही तं गवंडीबाबानी खोप शे," त्या म्हणाल्या. "मन्हा मावससासराना मळामा शे. तुमले हाऊ फोटो कथा सापडना?"

सुधीररावांच्या हातातला घास तसाच राहिला. अहिराणी त्यांना आजोळामुळे येते. त्यांनी मला मराठीत सांगितलं, ही गवंडीबाबाची खोप, वहिनींच्या मावससासऱ्यांच्या मळ्यातली; मी ते इव्हानाला इंग्रजीत. तोवर वहिनींनी घराच्या दिशेने हाक मारून नवऱ्याला बोलावलंसुद्धा होतं.

लक्षात आलं ना? सकाळपासून मी चेहरा दाखवत होते. चेहरा कुणाला आठवणार, इतकी वर्षं झाल्यावर? खोप मात्र सगळ्यांच्या रोजच्या नजरेत होती आणि ती मीच फोटोतून कापून टाकली होती. शिवाय आमच्या डोक्यात पक्कं, की गोरा म्हणजे साहेब. साहेब म्हणून विचारलं तर लोक साहेबच शोधणार. तो बिचारा आयुष्यभर दगड फोडणारा गवंडी. अडीच दिवस त्याला दफनभूम्यांत आणि डाकबंगल्यांत शोधत होतो. सुधीररावांनी मला एका शब्दाने टोचलं नाही. फक्त म्हणाले, "पुढच्या वेळी फोटो मी दाखवतो." ते टोचलंच.

मळा गावाबाहेर होता. रस्ता कच्चा, पण गाडी जाते. दोन्ही बाजूंना कांदा. आणि मध्येच, शेताच्या कोपऱ्यात, ती खोप. फोटोतलीच. गोल, पायापासून वरपर्यंत नुसते दगड एकावर एक, चुना नाही, माती नाही, वर निमुळती होत गेलेली. इव्हाना गाडीतून उतरून थेट तिच्याकडे गेली आणि दाराच्या दगडावर हात ठेवून उभी राहिली. त्यांच्या बेटावर प्रत्येक द्राक्षमळ्यात अशी खोप असते, पाऊस आला तर आत शिरायला. आमच्याकडे पूर्ण बागलाणात ही एकटीच.

मळ्याचे मालक भाऊसाहेब पन्नाशीचे. त्यांनी खोपीत ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी आणि खताची पोती रचून ठेवली होती. ती बघून त्यांना उगाच लाज वाटली आणि ते भराभर बाहेर काढायला लागले.

"राहू द्या हो," मी म्हणाले.

"नाय ताई, मॅडम लांबून आल्यात. खरं सांगू का, हिच्यामुळं ट्रॅक्टर वळत नाय. मी दोनदा म्हटलं पाडतो. आई काय हात लावू देत नाय."

त्यांची आई, जिजाआजी, ऐंशीच्या. त्या काठी टेकत आल्या, इव्हानाकडे बघितलं, तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि सगळ्यांना खोपीच्या सावलीत बसवलं. सून पाणी घेऊन आली. मी जुन्या सवयीने म्हणाले, "आजी, ते साहेब..."

"साहेब? साहेब कशाना? गवंडी व्हता तो."

मग त्यांनी सांगितलं, सासूकडून ऐकलेलं. नदीवर बंधाऱ्याचं काम चालू होतं. मुंबईहून आलेल्या गवंड्यांच्या टोळीत हा एक. काम संपल्यावर टोळी गेली. याला ताप भरला होता, तो मागे राहिला. आजीच्या आजेसासऱ्यांनी बैलगाडीत घालून घरी आणला. बरा झाला, पण गेला नाही. कुठे जायचं होतं ते त्यालाही सांगता यायचं नाही. शेताचे बांध रचून द्यायचा, विहिरीला दगड बसवायचा, घरात जेवायचा, आणि राहायला ही खोप स्वतः बांधली. कुणीसा मोजणीवाला फोटोची पेटी घेऊन आला होता म्हणे, त्याने फोटो काढला. पुढे अहिराणी बोलायला लागला, पण मोजायचा मात्र त्याच्या भाषेत. म्हातारा होऊन याच मळ्यात गेला. छातीवर बोटांनी वरून खाली आणि आडवं असं काहीतरी करायचा, म्हणून त्याला जाळलं नाही, पुरलं. खोपीमागे कडुलिंबाखाली एक सपाट दगड होता. तोच तो.

इव्हाना उठून त्या दगडापाशी जाऊन बसली. आम्ही कुणी मागे गेलो नाही. ती परत आली तेव्हा डोळे लाल होते, पण चेहरा मोकळा. तिने मला सांगितलं, "विचार ना, बाबांचा प्रश्न."

मी सुधीररावांना सांगितलं, त्यांनी आजींना विचारलं: तो शेवटी एकटा होता का?

आजींना प्रश्नच कळला नाही. त्यांनी तो परत विचारायला लावला. मग म्हणाल्या, "एकला? एकला कसा ऱ्हाई? त्यानी घागर आम्हना घरमा भरतस ना."

इथे थोडं थांबून सांगते, कारण खानदेश-बागलाणाबाहेरच्या वाचकांना हे माहीत नसेल. अक्षय्य तृतीयेला तिकडे आखाजी म्हणतात. दिवाळीपेक्षा मोठी. त्या दिवशी घरात पितरांसाठी पाण्याने भरलेली नवी घागर मांडतात, वर आंबा, खरबूज ठेवतात, पुरणपोळीचा आणि आमरसाचा नैवेद्य दाखवतात. घरातून गेलेल्या माणसांना उन्हाळ्यात पाणी पोचावं, ही कल्पना. घागर कुणाची भरायची हे ठरलेलं असतं: आपल्या घरच्या माणसाची. या घरात घरच्या पितरांच्या घागरीशेजारी दरवर्षी एक जास्तीची घागर भरली जाते. गवंडीबाबाची. आजींना सासूने सांगितलं, सासूला तिच्या सासूने. भाऊसाहेबांच्या बायकोलाही ठाऊक आहे.

हे सगळं दोन भाषांतून इव्हानापर्यंत पोचायला वेळ लागला. पोचलं तेव्हा ती हुंदके देऊन रडली. मीही रडले. सुधीरराव लिंबाच्या झाडाकडे बघत राहिले.

मग आणखी एक गंमत झाली. खोपीच्या मागच्या अंगाला थोडा भाग ढासळला होता. इव्हानाने एक दगड उचलला, फिरवून बघितला, बसेल का ते पाहिलं आणि बसेना म्हणून खाली ठेवायला वाकली. आजींनी काठी आडवी धरली.

"उचलेल दगड खाले ठेवाना नही. त्याले जागा देवानी."

सुधीररावांनी ते सांगितल्यावर इव्हाना तो दगड हातात धरूनच सांगायला लागली. हा नियम तिच्या आजोबांचा. बेटावर बांध रचताना ते मुलांच्या हातावर चापट मारायचे, एकदा उचललेला दगड खाली ठेवायचा नाही, त्याची जागा शोधायची. आणि इथे भाऊसाहेब सांगत होते की त्यांच्या मळ्याचा प्रत्येक बांध असाच रचतात, गवंडीबाबाला राग येतो म्हणून. शेजारच्या मळ्यात तसं नाही.

दुपार त्यातच गेली. भाऊसाहेबांनी आणि इव्हानाने मिळून ढासळलेला भाग रचला. तिने बघून सांगितलं की आपला काळा दगड त्यांच्या पांढऱ्या दगडासारखा पापुद्र्याने फुटत नाही, म्हणून यूरेने भिंत बरीच जाड घेतली आहे आणि उतार कमी ठेवला आहे. "त्याला पुष्कळ विचार करावा लागला असणार," ती म्हणाली. मी दगड देण्याचं काम केलं. दोनदा विसरून खाली ठेवले, दोन्ही वेळा काठी आली.

संध्याकाळी सुनेने खापरावरचे मांडे केले, पाहुण्यांसाठी, ऐनवेळी. आम्ही नको नको म्हणत चार खाल्ले. इव्हानाने घरी फोन लावला. पडद्यावर आंते दिसले, तसेच खिडकीशी. तिने त्यांना खोप दाखवली, लिंबाखालचा दगड दाखवला, आजी दाखवल्या. आजींनी पदर सावरून हात जोडले आणि जोरात विचारलं, "जेवनात का?" आंत्यांना ते कळलं असावं, कारण त्यांनी मान डोलावली. मग त्यांनी लिंबाखालचा दगड पुन्हा दाखवायला लावला.

ज्यांना मांगी-तुंगी चढायचं आहे त्यांच्यासाठी: पायऱ्या खूप आहेत, पहाटे निघा, पाणी जवळ ठेवा, पायथ्याशी राहायची-जेवायची चांगली सोय आहे. आम्ही चढलो नाही. इव्हानाच्या गुडघ्याचं निमित्त केलं. खरं म्हणजे आम्हा तिघांनाही त्या दिवशी मळ्यातून हलावंसं वाटत नव्हतं. परतताना सरळ देवळा-चांदवड मार्गे आलो. तो रस्ता जवळचा, कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे थांबायची तयारी ठेवा.

इव्हाना गेली त्याला आता बरेच दिवस झाले. घरी आल्यावर मी नेहमीप्रमाणे हिशेब मांडायला बसते, काय पाहिलं, काय राहिलं. या वेळी पाहिलं त्यात नवीन काहीच नव्हतं. तो रस्ता, ती शेतं, ते सुळके आम्ही जन्मभर बघत आलोय. आपल्याकडे आलेल्या परक्या माणसाला आपण साहेब सोडून दुसरं काही समजूच शकत नाही, हे मात्र मला नवीन होतं. त्याला साहेब न समजणं जिजाआजींच्या घराला केव्हाच जमलं होतं. तापाने फणफणलेला माणूस, एवढी ओळख त्यांना पुरली.

आखाजीच्या आदल्या दिवशी मला फोन आला. आजी.

"बाई, यंदा नाव लिसन घागर भरसू. काय नाव शे त्यानं?"

इतकी वर्षं ते पाणी गवंडीबाबा म्हणूनच ठेवलं जात होतं. मी सांगितलं, यूरे. त्यांनी चार-पाचदा म्हणून बघितलं, यूरे, यूरेबाबा, मग पसंत पडलं. "आन त्यानी मायनं नाव?"

ते मला माहीत होतं. लुत्से. मी तिच्या मेणबत्तीची गोष्टही सांगितली, जमेल तशी. आजींनी ती दोनदा सांगायला लावली.

"मंग तिनी बी घागर भरसू," त्या म्हणाल्या. "माय लेकना जोडेच बरी."

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी फोटो पाठवला. उंबऱ्याजवळ घरच्या पितरांची घागर, तिच्या शेजारी दोन. दोन्हींवर आंबा, दोन्हींना हळद-कुंकू, एकमेकींना टेकून ठेवलेल्या. मी तो तसाच इव्हानाला पाठवला आणि कोणती कुणाची ते लिहिलं.

उत्तर संध्याकाळी आलं. तेही फोटोच. ब्राचचं ते स्वयंपाकघर, ड्रॉवर उघडा, आणि आंत्यांच्या खिडकीत दिवसाउजेडी पेटलेली एक पिवळी मेणबत्ती. खाली इव्हानाने लिहिलं होतं: 'बाबा नोव्हेंबरपर्यंत थांबायला तयार नाहीत. वात जुनी होती, पेटेना. पण पेटेपर्यंत त्यांनी मेणबत्ती हातातून खाली ठेवली नाही.'